पोटॅशियम आयोडाइड पिवळं पडलं, मिठाचे आकडे फुगले: चूक कुठे शोधायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अकरावीच्या प्रकल्पासाठी मुलं मिठातलं आयोडीन मोजत आहेत. पद्धत नेहमीचीच: १० ग्रॅम मीठ ५० मिली पाण्यात, त्यात १ मिली २ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल, मग १० टक्के पोटॅशियम आयोडाइडचं ५ मिली द्रावण, दहा मिनिटं अंधारात आणि नंतर ०.००५ मोलर हायपोने (सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणाने) टायट्रेशन, म्हणजे सुटलेलं आयोडीन संपेपर्यंत थेंबाथेंबाने हायपो घालून तो किती लागला ते मोजणं. दोन पाकिटांच्या मिठाला ४.९ आणि ४.६ मिली हायपो लागला, म्हणजे साधारण ५२ आणि ४९ पीपीएम (दहा लाख भाग मिठात इतके भाग आयोडीन). मिठागरावरून आणलेल्या खड्या मिठालाही २.० मिली लागला, म्हणजे २१ पीपीएम. आयोडाइडचं द्रावण दिवाळीच्या सुट्टीआधी केलेलं आणि आता फिकट पिवळं आहे. द्रावणाची ताकद कमी झाली का, ते टाकून द्यायचं का, ही बाटली हाताळणं धोक्याचं आहे का, असं तुम्ही विचारलंत. शिवाय एका मुलाने विचारलं की अणुभट्टीच्या अपघातात देतात ती गोळी म्हणजे हेच का.

आधी एक गैरसमज दूर करू. या प्रयोगात पोटॅशियम आयोडाइड ‘कमजोर’ होऊन आकडे बिघडत नाहीत. ते कमी पडण्याची शक्यता जवळपास नाही. १० टक्क्यांच्या ५ मिली द्रावणात अर्धा ग्रॅम आयोडाइड असतं, म्हणजे ३ मिलिमोल. मिठात आयोडीन असतं ते आयोडेटच्या रूपात; आम्लात त्याची आयोडाइडशी अभिक्रिया होऊन आयोडीन सुटतं आणि तेच हायपोने मोजतात. ३० पीपीएमच्या १० ग्रॅम मिठातल्या सगळ्या आयोडेटला लागतं जेमतेम ०.०१२ मिलिमोल. गरजेच्या अडीचशेपट आयोडाइड आपण मुद्दाम घालतो. त्यामुळे अभिक्रिया झटकन पुरी होते आणि सुटलेलं आयोडीन ट्रायआयोडाइडच्या रूपात पाण्यात धरून राहतं. नुसत्या पाण्यात ते लिटरला जेमतेम ०.३ ग्रॅम विरघळतं आणि हवेत उडून जातं.

खरा प्रश्न उलटा आहे. पिवळा रंग म्हणजे आयोडाइडचं ऑक्सिडेशन होऊन आधीच सुटलेलं आयोडीन. हायपोला ते मिठातून आलं की बाटलीतून, हे कळत नाही. तुमचेच आकडे घ्या. खडं मीठ खरोखर आयोडीनविरहित आहे असं क्षणभर धरलं, तर २.० मिली हायपो बाटलीतल्या आयोडीननेच खाल्ला. तेवढं आयोडीन तयार व्हायला अर्ध्या ग्रॅम आयोडाइडपैकी फक्त एक तृतीयांश टक्का बिघडावं लागतं. म्हणजे द्रावण ९९.६ टक्क्यांहून अधिक शाबूत आहे, तरीही तुमचं उत्तर दीडपटीच्या पुढे गेलंय. मोजायची वस्तू फार थोडी आणि अभिकारक फार जास्त असला, की अभिकारकातली नखभर अशुद्धीही उत्तरापेक्षा मोठी होते.

आता ४.९ आणि ४.६ मधून २.० वजा करून पाहा. २.९ आणि २.६ मिली उरतात, म्हणजे ३१ आणि २८ पीपीएम. (०.००५ मोलर हायपोचा १ मिली म्हणजे ०.१०५८ मिलिग्रॅम आयोडीन, म्हणून १० ग्रॅम मिठाला प्रत्येक मिलीमागे १०.५८ पीपीएम.) पाकिटातल्या मिठाला हे आकडे शोभतात. पण म्हणून हीच उत्तरं वहीत लिहू नका. खडं मीठ आयोडीनविरहितच आहे हे आपण फक्त गृहीत धरलंय. आता आयोडीनयुक्त खडे मीठही दुकानांत मिळतं, आणि मिठागरावर विकणाऱ्याने कुठला माल दिला ते कोणी तपासलेलं नाही. वजा करायची ती ब्लँक, म्हणजे मीठ न घालता बाकी सगळं तसंच घेऊन केलेली चाचणी. ब्लँक मिठाची नसते, पाण्याची असते.

हायपोवरचा संशयही याच वेळी निकालात काढा, कारण पातळ हायपो जिवाणूंमुळे आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे बिघडतो आणि तोही आकडे फुगवतो. दोन्ही चुकांची चाल मात्र वेगळी असते. आयोडाइडमधलं आयोडीन प्रत्येक फ्लास्कमध्ये सारखीच भर घालतं, मग मीठ कुठलंही असो. बिघडलेला हायपो मात्र गुणोत्तराने फुगवतो. तो ०.००५ चा ०.००४ झाला, तर ३० चे साडेसदतीस होतील, पण शून्य शून्यच राहील. तुमच्याकडे खड्या मिठालाच २१ आलेत, म्हणून पहिला संशय आयोडाइडवर. हायपो तरीही तपासाच. पोटॅशियम आयोडेट ०.१०७० ग्रॅम अचूक तोलून एक लिटर करा, त्यातले १० मिली घ्या, आम्ल आणि ताजं आयोडाइड घालून टायट्रेट करा. ब्लँक वजा केल्यावर बरोबर ६.० मिली लागले, तर हायपो ०.००५ मोलर आहे.

आयोडीन नेमकं कुठून येतंय ते तीन फ्लास्कमध्ये कळतं. मी हे मिठाच्या आधी करतो, नंतर नाही.

पहिल्या फ्लास्कमध्ये ५० मिली डिस्टिल्ड वॉटर, ५ मिली आयोडाइड आणि २ मिली स्टार्च. आम्ल नाही. निळं झालं तर मोकळं आयोडीन बाटलीतच आहे. दुसऱ्यात तेच, पण १ मिली आम्लासह, आणि लगेच पाहायचं. पहिला फ्लास्क स्वच्छ राहिला आणि दुसरा आम्ल पडताक्षणी निळा झाला, तर आयोडाइडमध्ये आयोडेट मिसळलेलं आहे. रंगहीन दिसणारं आयोडाइड इथे फसवतं. तिसऱ्यात पाणी, आम्ल, आयोडाइड घालून दहा मिनिटं अंधारात ठेवायचं, मग स्टार्च घालून टायट्रेट करायचं. पहिले दोन स्वच्छ आणि तिसरा निळा, तर दोष हवेचा, उजेडाचा किंवा पाण्याचा. आम्लात हवेतला ऑक्सिजन आयोडाइडचं आयोडीन करतो, आणि प्रकाश, तांब्याचा अंश, गंज, नायट्राइट यांमुळे हा वेग वाढतो. डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाचं पाणी वापरलं तर त्यातला क्लोरीनही भर घालतो. लिटरला अर्धा मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असेल तर ५० मिलीमागे सुमारे दीड पीपीएम.

ब्लँक किती चालते? माझी मर्यादा ०.२ मिली. तेवढी आली तर वजा करून पुढे जातो. त्यावर गेली तर द्रावण बदलतो, कारण पिवळं पडायला लागलेली बाटली त्याच दिवशी आणखी पिवळी होत असते आणि सकाळची ब्लँक दुपारच्या मिठाला लागू पडत नाही. तुमच्याकडे ०.१ मिली खुणांची साधी ब्युरेट असेल तर एक खूण म्हणजे एक पीपीएम, हेही मुलांना आधीच सांगा. मग दशांशानंतरचे दोन आकडे लिहायचा मोह होणार नाही.

पिवळं द्रावण ‘दुरुस्त’ करायचे दोन उपाय प्रयोगशाळांत सर्रास चालतात आणि दोन्ही या कामाला घातक आहेत. एक, कॉस्टिक सोड्याचे थेंब. रंग क्षणात जातो, पण आयोडीन जात नाही. त्याचं आयोडाइड आणि आयोडेट होतं, आणि फ्लास्कमध्ये आम्ल पडलं की तितकंच आयोडीन परत येतं. वरचा दुसरा फ्लास्क हीच लबाडी पकडतो. दुसरा उपाय, हायपोचे थेंब टाकून रंग घालवणं. थेंब जास्त पडला तर शिल्लक हायपो मिठातलं आयोडीन खातो आणि आकडा खोटा कमी येतो. १०० मिली द्रावणात ०.१ मोलर हायपोचे दहा थेंब जादा पडले, तर प्रत्येक टायट्रेशनमध्ये पाच पीपीएमची खोट येते. फुगलेला आकडा निदान संशय तरी जागवतो. कमी आलेल्या आकड्यावरून मुलं दुकानदाराला दोष देऊन मोकळी होतात.

तेव्हा ताजं द्रावण करा, आणि थोडंच करा. डिस्टिल्ड वॉटर पाच-दहा मिनिटं खळखळून उकळा, झाकून गार होऊ द्या. उकळल्याने विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो. ५ ग्रॅम आयोडाइड साधारण ४० मिली पाण्यात घाला आणि ढवळून ५० मिली करा. बीकर हाताला थंडगार लागेल. हे मीठ विरघळताना उष्णता शोषून घेतं, तेव्हा घाबरू नका, पण द्रावण खोलीच्या तापमानाला आल्यावरच खुणेपर्यंत पाणी भरा. विरघळण्याची अडचण मुळीच नाही, २० अंशाला १०० मिली पाण्यात सुमारे १४० ग्रॅम विरघळतं. ५० मिलीत ब्लँक धरून दहा टायट्रेशनं होतात, एका बॅचला पुरे. तपकिरी काचेची, गळ्यापर्यंत भरेल अशी छोटी बाटली घ्या. नसेल तर साध्या बाटलीला काळा कागद गुंडाळा. बाटलीत पिपेट थेट बुडवू नका, लागेल तेवढं बीकरमध्ये ओतून घ्या आणि उरलेलं परत ओतू नका. आम्लाची पिपेट एकदा जरी आत गेली तरी बाटली गेली म्हणून समजा. द्रावण फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नाही. कसं ठेवलंय त्यावर ते किती टिकेल हे ठरतं. त्यामुळे मी तारखेवर जात नाही, पहिल्या फ्लास्कवर जातो.

टायट्रेशन करताना स्टार्च शेवटाकडे घाला. द्रावण वाळल्या गवतासारखं फिकट पिवळं झालं की २ मिली. आधीच घातला तर आयोडीन स्टार्चमध्ये अडकतं, निळा रंग रेंगाळतो आणि हायपो जास्त जातो. निळा रंग जाऊन अर्धा मिनिट परतला नाही की तो एंड पॉइंट. नंतर पाच मिनिटांनी पुन्हा निळसर झालं तर ते हवेचं काम, त्याच्या मागे लागू नका. एप्रिल-मे मध्ये, विदर्भात तर हमखास, खोली चाळिशीला टेकलेली असते. उष्णतेने स्टार्चचा निळा रंग फिका पडतो आणि आयोडीन उडतं, दोन्हींमुळे उत्तर कमी येतं. सकाळी लवकर करा, फ्लास्क झाकून ठेवा, पंख्याखाली टायट्रेशन नको.

आता घन आयोडाइडची बाटली. कोकणात पावसाळ्यात त्याचे गठ्ठे होतात, कारण ते दमट हवेतलं पाणी ओढतं. नुसता गठ्ठा म्हणजे बिघाड नव्हे. १०५ ते ११० अंशाला ओव्हनमध्ये वाळवून वापरता येतो. खडे पिवळसर झाले असतील तर मात्र हवेतला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड आत पोचलेत. झाकण घट्ट, बाटली अंधाऱ्या कपाटात, आणि शेजारी हायड्रोक्लोरिक आम्ल, नायट्रिक आम्ल, ब्लीचिंग पावडर, हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकी काहीही नको. त्यांची वाफ झाकणातून शिरते. गंजलेला लोखंडी चमचाही नको.

पिवळी बाटली फेकायची गरज नाही, आयोडाइड स्वस्त नाही. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेला द्या. पानातला स्टार्च तपासायला किंवा ग्रॅम स्टेनसाठी (जिवाणू रंगवून ओळखायच्या पद्धतीसाठी) आयोडीनचं द्रावण करताना मोकळं आयोडीन आधीच असलं तर काही बिघडत नाही. ग्रॅमच्या आयोडीनसाठी २ ग्रॅम आयोडाइड आधी चार-पाच मिली पाण्यात विरघळवायचं, त्यात १ ग्रॅम आयोडीन पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं, मगच ३०० मिली करायचं. आधी सगळं पाणी ओतलं तर आयोडीनचे खडे तळाशी तासन्‌तास तसेच बसून राहतात, आणि मग बाटली जुनी आहे म्हणून ओरड होते.

एक बाब प्रकल्पात जरूर लिहा. आपल्याकडच्या मिठात पोटॅशियम आयोडाइड नसतं, आयोडेट असतं. कांगडा खोऱ्यात १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या अभ्यासात दोन्ही क्षार वापरले गेले होते. पण दमट, उष्ण हवेत आणि ओलसर मिठात आयोडाइडचं तेच होतं जे तुमच्या बाटलीत झालं: आयोडीन सुटतं आणि उडून जातं. आयोडेट टिकतं. अमेरिकेत मात्र बऱ्याच मिठात आयोडाइडच घालतात आणि ते टिकावं म्हणून डेक्स्ट्रोज मिसळतात. कोणा विद्यार्थ्याच्या मावशीने तिकडून मीठ आणलं आणि मुलांनी ते तपासलं, तर या पद्धतीने उत्तर शून्य येईल, आयोडीन असूनही. आयोडाइड मोजायचं तर आधी ब्रोमीन वॉटरने त्याचं आयोडेट करून उरलेला ब्रोमीन काढून टाकावा लागतो. ते काम शाळकरी टेबलावर नको. ग्राहकाच्या हाती पोचणाऱ्या मिठात आपल्याकडे किमान १५ पीपीएम आयोडीन असावं लागतं, त्याच्याशी तुलना करा.

हाताळणीबद्दल. पोटॅशियम आयोडाइड तसं सौम्य आहे. धूळ डोळ्यांत गेली तर चुरचुरतं, भरपूर पाण्याने धुवा. बाटलीपेक्षा त्यातून सुटणाऱ्या आयोडीनची काळजी घ्या: वाफ नाकाला आणि घशाला झोंबते, कातडीवर आणि ओट्यावर तपकिरी डाग पडतात. डागावर हायपोचं पातळ द्रावण लावलं की लगेच जातो, मग पाण्याने धुवायचं. संहत सल्फ्युरिक आम्ल घन आयोडाइडवर कधीही टाकू नका. जांभळी वाफ आणि हायड्रोजन सल्फाइड दोन्ही निघतात. म्हणून पातळ आम्ल आधीच, पाण्यात आम्ल ओतून, तयार ठेवा. सर्वांत महत्त्वाचं, आयोडीनच्या टाकाऊ द्रावणात अमोनिया जाऊ देऊ नका. त्यातून तयार होणारा नायट्रोजन ट्रायआयोडाइड वाळला की नुसत्या स्पर्शाने फुटतो. टायट्रेशनचं उरलेलं द्रावण हायपोने रंगहीन करून भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडता येतं. शिसं, चांदी किंवा पारा असलेलं मात्र वेगळ्या डब्यात.

शेवटी त्या मुलाचा प्रश्न. पदार्थ तोच, पण प्रयोगशाळेतली बाटली कोणीही, कधीही तोंडात घालायची नाही. अपघातात किरणोत्सारी आयोडीन हवेत आलं तर ते थायरॉइडमध्ये साठतं. थायरॉइड आधीच साध्या आयोडीनने भरलेली असेल तर ते आत शिरत नाही, एवढंच या गोळीचं काम. सीझियम किंवा इतर किरणोत्सारावर तिचा काही उपयोग नाही. चेर्नोबिलनंतर १९८६ मध्ये पोलंडने सुमारे एक कोटी मुलांना आयोडाइड दिलं होतं, पण ते सरकारी यंत्रणेने, वयानुसार मात्रा ठरवून. प्रौढाची एक मात्रा १३० मिलिग्रॅम आणि नवजात बाळाची फक्त १६. ती किरणोत्सारी आयोडीनशी संपर्क येण्याच्या थोडं आधी किंवा पहिल्या काही तासांतच कामी येते. तुमच्या बाटलीतल्या एका ग्रॅममध्ये ७६४ मिलिग्रॅम आयोडीन आहे. रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम धरली तर ते पाच हजार दिवसांचं होतं. थायरॉइडची गाठ असलेल्याला, गरोदर बाईला किंवा तान्ह्या बाळाला एवढा मारा सोसत नाही. औषधाच्या गोळीची शुद्धता आणि वजन तपासलेलं असतं. आपल्या बाटलीत तर काल कोणाचा चमचा गेला तेही ठाऊक नसतं. तारापूरच्या आसपास राहणाऱ्यांनाही गोळी घ्यायची की नाही हे प्रशासन सांगेल तेव्हाच ठरतं. त्या मुलाला अर्धा ग्रॅम आयोडाइड वॉच ग्लासवर तोलायला लावा आणि यात प्रौढांच्या किती मात्रा बसतात ते विचारा. उत्तर जवळपास चार येईल.